बॉलला भोकं कुठे पाडायची? ड्रिलिंग लेआउट आणि लेनवरचं तेल: सोलापुरातून नेहमी येणारे प्रश्न

सोलापुरात कुणाला सांगितलं की मी बोलिंग करतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "फास्ट की स्पिन?" मग दहा पिना, लाकडी लेन आणि सात किलोचा बॉल हे सगळं समजावून सांगावं लागतं. तरी आता आमच्यातली चार-सहा पोरं हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जातात, दिवसभर खेळतात आणि रात्री परत येतात. त्यातला जो कुणी स्वतःचा बॉल घ्यायचं ठरवतो, त्याचा फोन मला येतो. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. सगळं उजव्या हाताच्या खेळाडूला धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी आरशात बघून वाचावं.

लेआउट म्हणजे नेमकं काय? भोकं तर बोटांसाठीच असतात ना?

बोटांसाठीच असतात. पण बॉलच्या कुठल्या भागावर पाडली, यावर बॉल लेनवर कसा वागणार ते ठरतं. कारण चांगल्या बॉलच्या पोटात एक जड गाभा असतो, त्याला कोअर म्हणतात, आणि तो गोल नसतो. कुणाचा बल्बसारखा, कुणाचा वेडावाकडा. गाभा तोच ठेवून पकड इकडे-तिकडे सरकवली की तोच बॉल निराळा फिरतो.

माझ्या आजोबांचे माग होते, त्यामुळे मला हे जकार्डच्या कार्डावरून पटकन कळलं. सूत तेच, माग तोच, पण कार्डावरची भोकं बदलली की चादरीवर मोराऐवजी फूल येतं. फरक एवढाच की कार्ड चुकलं तर दुसरं पंच करता येतं. बॉल चुकला तर खिसा कापला जातो.

थोडं आत शिरू. सोडलेला बॉल स्वतःभोवती एका अक्षावर फिरत असतो. गाभा गोल नसल्यामुळे हा अक्ष दर फेरीला थोडा थोडा सरकतो, आणि प्रत्येक फेरीत बॉलचा नवा, कोरडा भाग लेनला टेकतो. खेळून आलेल्या बॉलवर तेलाची कडी दिसतात, एकमेकांना दोन ठिकाणी छेदणारी आणि मध्ये पसरलेली. तो पसारा म्हणजे फ्लेअर. फ्लेअर किती व्हावा आणि बॉलने वळण कधी आणि कसं घ्यावं, यांवर लेआउटचा ताबा चालतो. याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

लेनवर तेल असतं म्हणतात, पण दिसत तर काहीच नाही?

दिसत नाही, तीच तर गंमत आहे. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी साडेएक्केचाळीस इंच, आणि त्या रुंदीत ३९ पट्ट्या. या पट्ट्यांना बोर्ड म्हणतात. यंत्राने लेनच्या पुढच्या भागात खनिज तेलाचा पातळ थर दिला जातो, साधारण ३२ ते ५० फुटांच्या दरम्यान कुठेतरी तो संपतो, आणि पुढे पिनांपर्यंत लेन कोरडी असते. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यावर पकडतो. सगळा खेळ या दोन वाक्यांत आहे.

तेल लेनवर कुठे किती पसरायचं, त्या आखणीला पॅटर्न म्हणतात. रोजच्या खेळासाठी जो असतो तो हाउस पॅटर्न. त्यात मधल्या बोर्डांवर तेल भरपूर आणि कडेला कमी असतं. बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकडून परत येतो, आत गेला तर तेलावर घसरत तिथेच राहतो. चुका पोटात घालणारी लेन. स्पर्धेच्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये मधलं आणि कडेचं तेल यांत फार फरक नसतो, त्यामुळे तिथे माफी नाही.

बॉल कुठून वळवायचा याचा एक जुना ठोकताळा आहे: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा. ४० फुटांचा पॅटर्न असेल तर तेल संपताना बॉल साधारण नवव्या बोर्डवर असावा. बोर्ड उजव्या कडेकडून मोजायचे. हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. पण नवीन ठिकाणी पहिले दोन बॉल टाकायला त्याच्यासारखा आधार नाही.

आणि तेल जागच्या जागी राहत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे (म्हणजे जास्त पकडणाऱ्या आवरणाचे) बॉल ते शोषून घेतात, त्यामुळे ज्या वाटेने सगळे खेळतात ती वाट तासाभरात कोरडी पडते. सकाळी बसलेला लेआउट दुपारी रुसला तर बॉलला शिव्या देण्याआधी दोन बोर्ड डावीकडे सरकून बघा.

ड्रिल करणाऱ्याने 'तुमचा पीएपी काय?' असं विचारलं. मी गप्प बसलो. तो काय असतो?

गप्प बसलात ते बरं केलंत. मी पहिल्या वेळी अंदाजे ठोकून दिलं होतं.

पीएपी म्हणजे पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट. बॉल हातातून सुटला त्या क्षणी तो ज्या अक्षावर फिरतो, त्या अक्षाचं बॉलच्या पृष्ठभागावरचं टोक. हे बॉलवर छापून येत नाही, ते तुमच्या हातात असतं. दोन माणसांनी एकाच जागी भोकं पाडून घेतली आणि त्यांचे पीएपी वेगळे असले, तर त्यांचे लेआउटही वेगळे झाले. म्हणून पीएपी ठाऊक नसताना लेआउट ठरवणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणं.

तो लिहितात असा: पकडीच्या मध्यापासून आडव्या रेषेत उजवीकडे इतके इंच, मग तिथून वर किंवा खाली इतके. पाच इंच उजवीकडे आणि अर्धा इंच वर, अशासारखे आकडे पुष्कळ जणांचे निघतात. तुमचा तोच असेल असं धरून चालू नका.

शोधायची साधी रीत अशी: अंदाजाच्या जागी पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि बॉल टाका. मित्राला उजव्या बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. टेप जागच्या जागी गरगरताना दिसली तर तोच पीएपी. टेप वर्तुळ काढत असेल तर त्या वर्तुळाच्या मध्याकडे ती सरकवा आणि पुन्हा टाका. फक्त सुरुवातीचे काही फूट बघायचे, कारण पुढे अक्ष सरकतो. प्लॅस्टिकचा बॉल घेतलात तर काम सोपं जातं, त्याला फ्लेअर जवळपास नसतो. नेहमीच्या सहज वेगाने टाका. मोजणी चालू आहे म्हटलं की माणूस जोर लावतो आणि आकडा बिघडतो.

'५० × साडेचार × ३५' हे काय गणित आहे?

ही ड्युअल अँगल पद्धत. मो पिनेल या अमेरिकन बॉल डिझायनरचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तीन आकडे, तीन कामं.

मधला आकडा इंचांचा. बॉलवर एक रंगीत ठिपका असतो, त्याला पिन म्हणतात (पाडायच्या पिनांशी त्याचा संबंध नाही). गाभ्याचा माथा कुठे आहे ते तो दाखवतो. या पिनपासून पीएपीपर्यंतचं अंतर म्हणजे मधला आकडा, आणि फ्लेअर किती होणार हे मुख्यतः त्याच्यावर ठरतं. सगळ्यात जास्त फ्लेअर ३ ३/८ इंचांच्या आसपास. तिथून अंतर वाढवत ६ ३/४ इंचांपर्यंत नेलं की फ्लेअर जवळजवळ संपतो. पिन पीएपीच्या अगदी जवळ आणली तरी तो कमीच होतो, पण तेव्हा बॉल फार लवकर लोळायला लागतो. व्यवहारात बहुतेक लेआउट साडेतीन ते साडेपाच इंचांत बसतात.

पहिला आकडा ड्रिलिंग अँगल, अंशांत (तो कुठून मोजतात ते पुढे सिमेट्रिक-असिमेट्रिकच्या प्रश्नात येईल). हा लहान असेल, म्हणजे ३०-४० अंश, तर बॉल लवकर जागा होतो. मोठा, म्हणजे ७०-८०, तर उशिरापर्यंत घसरत जातो.

तिसरा व्हीएएल अँगल. पीएपीमधून जाणाऱ्या उभ्या रेषेशी (तीच व्हीएएल) पिनपासून पीएपीपर्यंतची रेषा किती कोन करते ते हा सांगतो. लहान असेल तर कोरड्यावर पोचताच बॉल झटकन वळतो, मोठा असेल तर सावकाश, कमानीसारखा.

दोन्ही कोनांची बेरीजही बघतात. बेरीज लहान तर बॉल आपला सगळा बदल लवकर उरकतो, मोठी तर लांबवतो. काही कंपन्या अंशांऐवजी तिन्ही मापं इंचांत लिहितात. त्यामुळे कागदावर तीन आकडे दिसले की आधी विचारा, ही कोणती पद्धत? इंच आणि अंश यांची गल्लत झालेला बॉल मी डोळ्यांनी पाहिलाय.

आम्ही जिथे खेळतो तिथल्या लेन कोरड्या असतात. बॉल वळून पार डावीकडे जातो. काय लेआउट घेऊ?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, म्हणून जरा सविस्तर.

मॉलमधल्या लेन वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी चालवलेल्या असतात. मी जिथे जिथे खेळलो तिथे तेल एकतर थोडं होतं किंवा सकाळचं दुपारपर्यंत उडालेलं होतं. अशा लेनवर बॉलने शांत राहायला हवं. पिन ते पीएपी पाच ते साडेपाच इंच, म्हणजे फ्लेअर आवरता. ड्रिलिंग अँगल ७० च्या पुढे, म्हणजे लवकर पेट घेणार नाही. व्हीएएल अँगल ४५ ते ६०, म्हणजे कोरडं लागताच उसळी मारणार नाही. ७० × सव्वापाच × ५० इथून बोलणी सुरू करायला हरकत नाही.

पण खरं सांगू? कोरड्या लेनवर लेआउट हे तिसरं औषध आहे. पहिलं औषध म्हणजे कमी ताकदीचा बॉल: युरेथेन (कमी पकडणारं आवरण), किंवा साधा गाभा आणि चकचकीत पृष्ठभाग असलेला स्वस्त रिअ‍ॅक्टिव्ह. दुसरं पॉलिश. जास्त तेलासाठी बनवलेला राक्षस विकत घ्यायचा आणि लेआउटने त्याला गरीब गाय करायला बघायचं, हा उद्योग दोघांनी माझ्यासमोर केला. दोघांचेही बॉल आता पलंगाखाली आहेत.

आणखी एक, तुमचा वेग. हाताला फेर जास्त आणि वेग कमी असेल तर बॉल तसाही लवकर वळणार. त्याला कोनांची बेरीज मोठी लागते. उलट, क्रिकेट खेळून आलेली आपली बरीच पोरं बॉल फेकतात जोरात आणि फिरवतात कमी. त्यांना कोरड्या लेनवरही बेरीज थोडी लहान ठेवावी लागते, नाहीतर बॉल पिनांपर्यंत झोपेतच जातो. म्हणजे लेन तीच, आणि दोन भावांचे लेआउट वेगळे.

आणि तेल खूप असेल तर?

उलटं करा. पिन ते पीएपी साडेतीन ते सव्वाचार इंच, ड्रिलिंग अँगल ३५ ते ५०, व्हीएएल ३० ते ४०, आणि पृष्ठभाग खरखरीत. चकचकीत बॉल जास्त तेलावर टाकणं म्हणजे पावसात गुळगुळीत टायरची गाडी काढणं. लांब पॅटर्नवर, ४२ फुटांच्या पुढे, बॉलला वळायला कोरडी जागाच थोडी उरते, म्हणून त्याने लवकर पकड घेतलेली बरी.

पिन अप आणि पिन डाउन यातलं कुठलं चांगलं?

पिन अप म्हणजे तो ठिपका बोटांच्या भोकांच्या वर. बॉल लांब जातो आणि शेवटी टोकदार वळतो. पिन डाउन म्हणजे ठिपका बोटांच्या खाली. बॉल लवकर लोळतो आणि वळण सौम्य घेतो. चांगलं-वाईट काही नाही. शेवटचं टोकदार वळण बघायला झकास दिसतं, म्हणून सगळे पिन अप मागतात. पण कोरड्या, ठिगळं पडलेल्या लेनवर तेच वळण एकदा पॉकेटमध्ये (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या फटीत) आणि पुढच्या वेळी पहिल्या पिनच्या नाकावर आदळतं. मी स्वतः मॉलसाठी पिन डाउन वापरतो. दिसायला नीरस आहे.

सिमेट्रिक आणि असिमेट्रिक बॉलना वेगळे लेआउट लागतात का?

असिमेट्रिक बॉलच्या गाभ्याला आणखी एक जड बाजू असते, तिला मास बायस म्हणतात, आणि तिची खूण बॉलवर असते. ड्रिलिंग अँगल त्या खुणेपासून मोजतात आणि त्याचा परिणाम स्पष्ट जाणवतो. सिमेट्रिक बॉलमध्ये तोच कोन गुरुत्वमध्याच्या खुणेपासून मोजतात, पण परिणाम फारच कमी. त्यामुळे पहिला बॉल सिमेट्रिक घ्या, चुकायला जागा कमी.

लेआउट महत्त्वाचा की सँडपेपर?

सँडपेपर. आधी पृष्ठभागाचं साहित्य आणि खरखरीतपणा, मग गाभा, मग लेआउट. ५०० चं पॅड जाड, ४००० चं बारीक. आकडा जितका लहान तितका बॉल लवकर पकडतो. २००० वरून ५०० वर आणलेला बॉल जितका बदलतो, तितका कोनात दहा अंशांनी फरक केल्यावर बदलत नाही. आणि घासणं पुसता येतं, भोक पुसता येत नाही. मात्र स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर घासायला परवानगी नसते, ते आधी उरका.

अमेरिकेतल्या व्हिडिओत पाहिलेला लेआउट तसाच मारून घेऊ का?

त्या माणसाचा पीएपी, त्याचा वेग, त्याची लेन, हे सगळंही मिळणार असेल तर घ्या.

जुन्या बॉलवर चौथं छोटं भोक दिसतं. ते मीही पाडून घेऊ?

नको. ते बॅलन्स होल, वजन आणि फ्लेअर जुळवण्यासाठी पाडत. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने १ ऑगस्ट २०२० पासून त्यावर बंदी घातली. आता प्रत्येक भोकात, प्रत्येक वेळी बॉल टाकताना बोट असलंच पाहिजे. जुना बॉल कुणाकडून घेणार असाल तर हे भोक आहे का ते आधी बघा. असेल तर ते बुजवायचा खर्च धरून भाव करा.

मी दोन हातांनी टाकतो, अंगठा घालत नाही. माझं काय?

ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेने ही पद्धत जगभर नेली, आणि आता आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या पोरालाही तीच हवी असते. वरच्या नियमामुळे अंगठ्याचं भोक वापरणार नसाल तर पाडायचंच नाही. असे खेळाडू बॉलला फेर खूप देतात, त्यामुळे कोरड्या लेनवर त्यांना आणखी शांत लेआउट आणि आणखी साधा बॉल लागतो. पीएपी नव्याने काढा, एका हाताने खेळत होतात तेव्हाचा आकडा इथे कामाचा नाही.

मॉलच्या रॅकवरच्या बॉलला लेआउट असतो का?

नाही. ते प्लॅस्टिकचे, कोणाच्याही बोटाला होतील अशा ढगळ भोकांचे. सरळ टाका आणि मजा करा.

सोलापूरच्या उन्हाचा बॉलवर परिणाम होतो का?

होतो, आणि लेआउटपेक्षा जास्त होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. डिकीत विसरलेल्या बॉलला तडा जाऊ शकतो, आणि तो बहुतेकदा भोकांच्या कडेपासून सुरू होतो. बॉल घरात, सावलीत, जमिनीलगत ठेवा.

एका वहिनींनी विचारलं होतं, बॉलमधलं तेल काढायला तो गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवला तर? तेल बाहेर येतं हे खरं, गरमीने ते सुटतंच. पण उन्हात एक बाजू तापते आणि दुसरी गार राहते, त्यात बॉल फुटतो. खेळून झाल्यावर लगेच पुसणं हा त्यावरचा खरा उपाय. टॉवेलसाठी सोलापूरकराने पैसे खर्च करू नयेत असं मला मनापासून वाटतं, पण तेल टिपायला मायक्रोफायबरच बरा. आपला टर्किश टॉवेल रेल्वेत बॉल गुंडाळायला वापरा.

उन्हाळ्यात अंगठाही सुजतो. थंडीत मोजून पाडलेलं भोक एप्रिलमध्ये घट्ट होतं. म्हणून भोक किंचित सैल घेऊन आत टेपच्या पट्ट्या लावतात, सुजेल तशी एकेक पट्टी काढायची.

चुकीचा लेआउट झाला तर बॉल वाया गेला का?

वाया जात नाही. भोकं रेझिनने बुजवून, ते घट्ट झाल्यावर पुन्हा पाडता येतात. माझ्या पहिल्या बॉलचं हेच झालं. दुकानात मला एकच प्रश्न विचारला गेला, "रंग कुठला?" हात मोजला तोही फक्त पसरून. अंगठ्याचा कोन इतका चुकला की बॉल सोडताना नख लागायचं, आणि पिन कुठे आली हे मला सहा महिन्यांनी कळलं. दुसऱ्या ठिकाणी बुजवून पुन्हा पाडून घेतला. आजही मॉलसाठी तोच वापरतो.

त्यातून कळलेली गोष्ट अशी की बोटांचं माप, अंगठ्याचा कोन आणि दोन्हींमधलं अंतर आधी बरोबर हवं. पकड चुकली की हात आवळला जातो, सोडणं दर वेळी बदलतं, आणि मग पीएपीसुद्धा एका जागी राहत नाही. त्यावर बेतलेला लेआउट कुठे टिकणार?

एकच बॉल परवडतो. काय सांगून पाडून घेऊ?

सिमेट्रिक, मध्यम ताकदीचा बॉल, २००० ते ४००० च्या पृष्ठभागाचा. लेआउट ५५ × पावणेपाच × ४० च्या आसपास. पुढे लेन बघून घासा किंवा पॉलिश करा. उरलेल्या एकट्या पिना पाडायला रॅकवरचा प्लॅस्टिकचा बॉल चालतो, तो सरळ जातो.

दुकानात जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: तुमचा पीएपी, बॉलचा साधारण वेग, जिथे जास्त खेळता तिथली लेन कोरडी की ओली, आत्ताचा बॉल नेमका काय चुकतो, आणि हाताला कुठे दुखतं. बॉल पाडून झाला की त्यांनी मारलेला लेआउट त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या आणि कागद बॅगेत ठेवा. आणि हो, जमलं तर सकाळच्या गाडीनेच जा. परतीची गाडी पकडायच्या घाईत अंगठ्याचं माप कुणी नीट देत नाही.